खिडकीच्या आतले मामा

टोलनाक्याची दांडी आपोआप वर गेली, गाडी पुढं सरकली आणि मागच्या सीटवरून मामांनी विचारलं, "पैसं कुणी दिलं रे?"

"मीच की. काचेवर फास्टॅग आहे, त्यातनं कटले."

"ते कळलं. कुणाला दिलंस?"

कुणाला? केबिनमधला पोरगा मोबाइलमध्ये मान घालून बसला होता. त्यानं आमच्याकडं पाहिलं नाही आणि त्याला पाहायचं काही कारणही नव्हतं. मी गप्प बसलो. मामांना तेवढंच हवं होतं.

आम्ही सोलापूरहून अक्कलकोटला एका साखरपुड्याला निघालो होतो : मामा, त्यांची सून म्हणजे माझ्या वहिनी, आणि मी. आमच्याकडं सून सासूला आत्या आणि सासऱ्याला मामाच म्हणते, त्यामुळं गाडीत मामा एक आणि त्यांना मामा म्हणणारे दोघं. मामांनी एका ग्रामपंचायतीत बत्तीस वर्षं वसुली कारकुनी केली. गावाचं नाव इथं नको. वहिनी गेली नऊ वर्षं दुसऱ्याच एका ग्रामपंचायतीच्या आपले सरकार सेवा केंद्रात संगणक परिचालक आहेत. म्हणजे एकानं घरपट्टी दारोदार फिरून मागितली आणि दुसरी ती पडद्यावर जमा करून घेते. मामी म्हणते, या दोघांचं भांडण म्हणजे भाकरीबरोबरची शेंगाचटणी. एखाद्या दिवशी नसली की जेवल्यासारखं वाटत नाही.

"आणि टॅग नसता तर?" मामांनी विचारलं.

"रोख दिले तर दुप्पट," वहिनी म्हणाल्या. "यूपीआयनं दिले तर सव्वापट. नोव्हेंबर २०२५ पासनं. सक्ती तर २०२१ पासनंच आहे."

"म्हणजे नोट फाटली न्हाई, बाद झाली न्हाई, तरी नाक्यावर तिची किंमत निम्मी. सरकारच्या नोटेला सरकारच दंड लावालंय की!"

वहिनी हसल्या. मी वळसंगच्या स्टँडजवळ गाडी बाजूला घेतली, कारण हा वाद चहाशिवाय पुढं जाणार नाही हे मला ठाऊक होतं.

हॉटेलात गल्ल्याशेजारी एक लहानसा डबा होता. कुणी पैसे पाठवले की त्यातून बाईचा आवाज यायचा, अमुक रुपये मिळाले. मामा प्रत्येक वेळी त्या डब्याकडं बघायचे. वळसंग हे दक्षिण सोलापूर तालुक्यातलं गाव, सोलापूरहून विसेक किलोमीटरवर. बाजूच्या बाकावर दोघं कानडीत बोलत होते, हॉटेलवाला त्यांना मराठीत उत्तर देत होता आणि कुणालाच त्यात काही वेगळं वाटत नव्हतं. ह्या पट्ट्यात तसंच आहे. मामांनी आयुष्यभर वसुली दोन भाषांत केली, आणि मोहल्ल्यात गेलं की दख्खनीत.

"मामा, खरं सांगा," वहिनींनी सुरुवात केली, "तुमच्या वेळी मार्चएंडला काय व्हायचं? तुम्ही पिशवीत पैसे घेऊन रात्री घरी यायचा. बँक तालुक्याला. दोन दिवस सुट्टी आली तर गावाचे पैसे दोन दिवस आत्यांच्या तांदळाच्या डब्यात. खरं का खोटं?"

"खरं. एक रुपया इकडं-तिकडं झाला न्हाई."

"तुमचा नाही झाला. पण पावती फाडली आणि भरणाच केला नाही, असे कारकून तुम्हीच मला सांगितलेत. आता माणूस फोनवरनं भरतो, पैसा सरळ ग्रामनिधीच्या खात्यात. मध्ये पिशवी नाही, डबा नाही. माझ्यावर कुणी संशय घ्यायचा म्हटलं तरी घेता येत नाही. ह्याच्याइतकं सुख नोकरीत दुसरं काय असतं?"

मामा या मुद्द्यावर कधी वाद घालत नाहीत. ते सरळ नमुन्यांवर येतात. ग्रामपंचायतीचं सगळं दप्तर नंबर घातलेल्या नमुन्यांत असतं, आणि मामा ते देवाचं नाव घेतल्यासारखे घेतात. "नमुना आठ म्हणजे आकारणी. कुणाचं घर, मातीचं का पत्र्याचं का स्लॅबचं, पट्टी किती. नमुना नऊ म्हणजे मागणी. मागची बाकी किती, चालू किती. आणि नमुना दहा म्हणजे पावती. कार्बन घालून लिहायची. वरची त्याला, खालची आपल्याला. दोन्हीवर एकच अक्षर. ते अक्षर माझं होतं. तुझ्या पावतीवर कुणाचं अक्षर असतंय?"

"माझ्या पावतीवर नंबर असतो. तो कधी पण तपासता येतो. सातबाराचं बघा. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत घरबसल्या निघतो, त्यावर नंबर असतो, बँकेवाला तो टाकून खरा-खोटा बघतो. पूर्वी ह्याच कागदासाठी तलाठ्याच्या मागं किती फेऱ्या व्हायच्या?"

"त्या फेऱ्या मी बी मारल्यात," मामांनी मान्य केलं.

इथं मला एक गोष्ट मध्येच सांगावीशी वाटते. आमच्या भागात मामांच्या अक्षरातल्या त्या पावत्या लोक पेटीत, लुगड्याच्या घडीत, देव्हाऱ्यामागं जपून ठेवतात. घर आमचंच आहे, हे बघा, बापाच्या नावची पावती. कायद्यानं पाहिलं तर घरपट्टीची पावती किंवा नमुना आठचा उतारा हा मालकीचा पुरावा नाही. कर कुणावर बसवला आहे, एवढंच तो सांगतो. पण गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० ला आली, ड्रोननं गावठाणं मोजून सनदा द्यायला त्यानंतर सुरुवात झाली. तोवर ज्याच्याकडं दुसरा कागदच नव्हता, त्याला ही पावती म्हणजे 'मी इथला आहे' एवढं सांगणारी एकमेव चिठ्ठी होती. फोनवर येणाऱ्या संदेशाला हे वजन यायला वेळ लागेल. कदाचित येणारही नाही, कारण फोन दर दोन-तीन वर्षांनी बदलतो.

चहा आला. मामांनी बशीत ओतला.

"मला सांग सूनबाई, एखाद्याकडं बाराशे बाकी हाय. हातात दोनशे हायेत. तुझा पडदा काय म्हणतोय?"

"क्यूआर कितीही घेतो, मामा. दोनशे टाका, दोन टाका."

"घेतोय. पण ते दोनशे कशात गेले? मागच्या बाकीत का चालू पट्टीत? का पाणीपट्टीत?"

वहिनी जरा थांबल्या. खरं तर मामांनी नेमकं दुखणं धरलं होतं. भिंतीवर चिकटवलेला क्यूआर कोड पैसे घेतो, पण ते कुणाच्या नावचे, कोणत्या खात्यातले, हे त्याला माहीत नसतं. महा ई-ग्राम सिटिझन कनेक्टसारख्या अ‍ॅपवरून भरलं तर मिळकत निवडावी लागते, मग नोंद नावावर होते. पण गावातली निम्मी माणसं भिंतीवरच्या कोडवर पैसे टाकतात, किंवा नातवाला टाकायला सांगतात, आणि निघून जातात.

"मग काय करतो?" वहिनी म्हणाल्या. "लोक मला स्क्रीनशॉट पाठवतात. मी बँकेचं स्टेटमेंट उघडते, रक्कम जुळवते, नाव शोधते. एकाच नावाची चार माणसं असतात. नातवानं टाकलेले असले तर नाव तिसरंच. मग फोन करायचा, कुणाचे हे दोनशे? मग पावती. दिवसाचे दोन तास ह्यातच जातात."

"म्हणजे कारकून हायच की अजून!" मामांचा चेहरा उजळला. "फक्त दिसत न्हाई."

"हौ. दिसत नाही म्हणूनच मानधनाच्या वेळी कुणाला आठवतही नाही." वहिनी हे हसत म्हणाल्या, पण बशी जरा जोरात ठेवली गेली. संगणक परिचालकांना मानधनासाठी मुंबईच्या आझाद मैदानावर जाऊन बसावं लागलं आहे, एकदा नव्हे, अनेकदा. सगळ्या गावाचे पैसे दोन सेकंदांत जमा करणाऱ्या बाईला स्वतःच्या पैशाची वाट महिनोन्‌महिने पाहावी लागते. मला या सगळ्या डिजिटल कौतुकात सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट हीच वाटते, पण वहिनींना त्यावर फार बोललेलं आवडत नाही.

मामा आता रंगात आले होते. त्यांनी एका म्हातारीची गोष्ट काढली. कानडी बोलणारी, शेळ्या राखणारी. मामा दारात गेले की ती म्हणायची, रोक्का नाळि कोडतीनी, पैसे उद्या देते. तो 'उद्या' कधी बाजारच्या दिवशी यायचा, कधी बोकड विकल्यावर. मामा रजिस्टरच्या कडेला पेन्सिलीनं खूण करायचे. ती खूण कुठल्याच नमुन्यात नव्हती. "तिनं बुडवली न्हाई कधी. थांबवली. थांबवायचं आणि बुडवायचं ह्यातला फरक मशीनला कळतोय का?"

"आणि ज्याच्यासाठी तुम्ही थांबला नाहीत, त्याचं काय?"

"म्हणजे?"

"तुम्ही म्हातारीला थांबलात, कारण ती तुम्हाला आवडायची. दुसऱ्या कुणाची नळतोडणी केलीत. तिला रहिवासी दाखला मागताच मिळाला असेल, दुसऱ्याला 'आधी पट्टी भर, मग दाखला' म्हणाला असाल. म्हणाला नाहीत का?"

"म्हणालो. सगळेच म्हणायचे. न्हाईतर पट्टी भरणार कोण?" मामा आठवणीनं हसले. "आणि भरायची दानत नव्हती असं थोडंच हाय? नोटाबंदी आठवती का? आठ नोव्हेंबरला रात्री पाचशे-हजार बाद झाले, आणि सरकारनं सांगितलं, जुन्या नोटा पंचायतीच्या पट्टीला चालतील. दहा-दहा वर्षं मला बघून मागच्या दारानं जाणारे लोक सकाळी ऑफिस उघडायच्या आधी लायनीत! एक तर पुढच्या सालची बी घ्या म्हणालालता."

हॉटेलवालाही हसला. पण वहिनींनी धागा सोडला नाही. "दाखला वेळेत मिळणं हा २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं दिलेला हक्क आहे, मामा. तो तुमच्या मर्जीवर नसावा. मशीनला दया नाही, कबूल. पण राग पण नाही. तिच्यापुढं कुणाला हात जोडावे लागत नाहीत. ज्याला हात जोडायची सवय नाही, त्याला तुमचं ते थांबणं काय कामाचं? आणि ज्याला आहे, त्याची ती सवय तुम्ही वाढवत होता."

मामा गप्प झाले. मलाही हे बोलणं लागलं, कारण मामांच्या त्या पेन्सिलीच्या खुणेचं कौतुक मी लहानपणापासून करत आलोय. पण वहिनी चुकीचं बोलत नव्हत्या. जो थांबतो, त्याचं मिंधं व्हावं लागतं. मामा मिंधं करणारे नव्हते, एवढंच.

मग विषय काढला वहिनींनीच. "मामा, ह्या वळसंगचं नाव आपल्या घरात कशासाठी घेतात?"

ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर या गावात आले होते. इथल्या दलित समाजानं स्वतः विहीर खोदली होती, तिचं पाणी बाबासाहेब प्याले. ती विहीर आजही दाखवतात. त्याआधी दहा वर्षं, २० मार्च १९२७ ला, महाडच्या चवदार तळ्यावर ते ओंजळ भरून पाणी प्याले होते. पण या साखळीतली सुरुवातीची कडी पुष्कळांना आठवत नाही. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी ठराव मंजूर करून घेतला होता. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा. महाडच्या नगरपालिकेनंही पुढच्याच वर्षी तळं खुलं असल्याचं कागदावर लिहिलं. कागदावर. प्रत्यक्ष पाणी प्यायला तीन वर्षं आणि एक सत्याग्रह लागला.

"सार्वजनिक पैशातून," वहिनींनी दोन शब्द वेगळे काढले. "म्हणजे पट्टी घ्यायला कुणाची अडचण नव्हती. पाणी द्यायला होती. म्हणून वळसंगच्या लोकांनी स्वतःची विहीर खोदली. मला वाटतं ना मामा, माणसानं माणसाला ओळखायचं, मग त्याच्याकडनं पैसे घ्यायचे, मग त्याला सेवा द्यायची, ह्यात ओळखायची पायरीच धोक्याची आहे. पडदा ती पायरी काढतो. आडनाव वाचून त्याचा चेहरा बदलत नाही."

मामांनी बशी खाली ठेवली. नंतर बोलले ते हळू, आणि वहिनींकडं न बघता.

"माझा बाप पट्टी भरायला जायचा, तेव्हा पायरीखाली उभा राहायचा. पैसे पायरीवर ठेवायचे आणि मागं सरायचं. कारकून वरनं पाणी शिंपडायचा, मग उचलायचा. पावती टाकायचा. हातात न्हाई, खाली. बाप वाकून घ्यायचा. हे मला त्यानं एकदाच सांगितलं, मला नोकरी लागली त्या दिवशी." जरा थांबले. "मी त्याच खिडकीच्या आत बसलो. बत्तीस वर्षं. जो येईल त्याची पावती त्याच्या हातात दिली. पाटलाच्या बी हातात, आणि त्याला ती माझ्या हातातनं घ्यावी लागली. आता तू म्हणतीस, खिडकीच काढा. काढा की. चांगलंच हाय. पण आम्ही आत जाऊन बसलो, आणि तेवढ्यात तुम्ही खिडकी बुजवली, असं कधीकधी वाटतंय. वाटतंय आपलं."

डब्यातल्या बाईनं वीस रुपये मिळाल्याचं सांगितलं. कुणी काही बोललं नाही.

वहिनी भांडायला तयार असतात, पण असल्या वेळी त्या गप्प बसतात हे मी पाहिलंय. त्यांनी मामांच्या बशीत स्वतःच्या कपातला चहा ओतला. मग मामाच पुन्हा जुन्या सुरात आले, कारण शांतता त्यांनाही फार वेळ झेपत नाही.

"बरं, पैसे कटले आणि पावती न्हाई आली तर?"

"परत येतात. यूपीआयनं दुकानाला किंवा ऑफिसला दिलेले पैसे असे अडकले, तर जास्तीत जास्त पाच दिवसांत आपोआप परत यायला पाहिजेत. नाही आले तर पुढं दिवसाला १०० रुपये भरपाई. रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे."

"शंभर रुपये? रोजचे? मिळालेत कुणाला?"

"मागितले पाहिजेत."

"कुठल्या खिडकीत?"

ह्यावर वहिनींना हसू आवरलं नाही. भांडता भांडता हसवायचा हा गुण मामांचाच, मी मनात म्हटलं. तक्रार करायची सोय आहे, बँकेच्या अ‍ॅपमध्ये आहे, पण ती शोधायला जो लागतो तो शंभर रुपयांसाठी ताटकळणारा नसतो, आणि जो ताटकळणारा असतो त्याला ती सापडत नाही. विजेच्या बिलाचंही तसंच. महावितरणनं ऑगस्ट २०२३ पासून घरगुती बिलाला रोख भरण्याची मर्यादा ५,००० रुपये केली, ऑनलाइन भरलं तर पाव टक्का सूट, छापील बिल नको म्हटलं तर दर बिलाला दहा रुपये सूट. सगळं खरं. मामा अजून छापील बिल घेतात. म्हणजे कागदाचे वर्षाला एकशेवीस रुपये ते सुखानं मोजतात. मी एकदा त्यांना हा हिशेब सांगितला, तर म्हणाले, वर्तमानपत्राला किती देतोस?

आणि त्या छापील बिलानंच त्यांना एकदा वाचवलं. आज रात्री साडेनऊला वीज तोडणार, ताबडतोब ह्या नंबरवर फोन करा, असा संदेश आला होता. त्या काळात देशभर हजारो जणांना तो आला. मामांनी पेटीतलं बिल काढलं, भरल्याचा शिक्का बघितला आणि झोपले. शेजारच्या शिकल्यासवरल्या मास्तरांनी फोन केला होता. त्यांचं काय झालं ते सांगत नाही. वहिनींनीच मग १९३० वर तक्रार नोंदवून दिली.

"बघा, शेवटी फोनवरच तक्रार केली ना," वहिनी म्हणाल्या.

"फोनवर. फोनच्या पलीकडं माणूस होता."

निघायची वेळ झाली होती. मामांनी खिशातनं पन्नासची नोट काढली, वहिनींनी त्याआधीच कोड स्कॅन केला, आणि हॉटेलवाल्यानं दोघांकडंही बघून म्हटलं, कसलेबी द्या, चहा तोच हाय. नोट जिंकली, कारण ती जवळ होती.

गाडीत बसता बसता वहिनींचा फोन वाजला. पलीकडून एका म्हातारीचा आवाज, इतका मोठा की आम्हालाही ऐकू यावा. कानडीत. नातवानं पुण्याहून घरपट्टीचे दोनशे टाकलेत, पोचले का? पोचल्याचं फोनवर दिसतंय असं नातू म्हणतो, पण तिला ते नको होतं. तिचा प्रश्न एकच होता आणि तो तिनं दोनदा विचारला. "बरदी?" लिहिलंस का?

"बरदीनि, अव्वा," वहिनी म्हणाल्या. लिहिलंय.

रविवार होता. वहिनींचं केंद्र बंद, कॉम्प्युटर बंद. फोन ठेवून त्यांनी पर्समधून एक लहान डायरी काढली, पेन शोधलं, मांडीवर डायरी ठेवून एक नाव लिहिलं आणि पुढं २००. डायरीत अशी पानंच्या पानं भरलेली होती. नावं, रकमा, कडेला खुणा.

मामा मागून वाकून बघत होते.

"हा कितवा नमुना?" त्यांनी विचारलं.

वहिनींनी डायरी मिटली आणि मला म्हणाल्या, "भाऊजी, चला, उशीर होतोय."